शेततळ्यातले मासे एका रात्रीत का मरतात?

वैशाखातली पहाट. बालाघाटाच्या माळावर एका शेततळ्याच्या बांधावर चार-पाच माणसे उभी आहेत. काळ्या प्लास्टिक कागदाच्या कडेला पांढरी पोटे वर करून कटला पडले आहेत, दीड-दीड, दोन-दोन किलोचे. काल सांजेला हेच मासे पेंडीवर तुटून पडत होते. कोणी काही बोलत नाही. मग एकजण म्हणतो, "कुणीतरी औषध टाकलं बघा." शेजाऱ्याशी बांधावरून झालेले जुने भांडण निघते आणि दुपारपर्यंत गोष्ट पोलीस ठाण्याच्या दारात जाते.

तळ्यात औषध टाकण्याचे प्रकार होतच नाहीत असे नाही. पण एका रात्रीत तळे मोकळे होते तेव्हा बहुतेक वेळा त्यामागे वैरी नसतो, पाणी असते. आणि पाण्याने काय केले हे मेलेले मासेच सांगतात; फक्त ते कुजायच्या आत विचारावे लागते. कृषी केंद्रातून एखादी बाटली आणण्याआधी तळ्याकाठी दहा मिनिटे घालवून तीन प्रश्नांची उत्तरे शोधली, तर निम्म्याहून अधिक तपास तिथेच होतो. मासे किती वाजता मेले? कोणते मेले? आणि जिवंत कोण राहिले?

बीडसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न आता मोजक्या भोई कुटुंबांपुरता राहिलेला नाही. माजलगावच्या धरणात, बिंदुसरा प्रकल्पात, धनेगावच्या मांजरा धरणात मासेमारी पूर्वीपासून आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि ज्यांच्या घराण्यात कोणी जाळे धरले नव्हते अशा शेतकऱ्यांच्या रानातही पाणी साठू लागले. पाणी आहे तर रोहू-कटला सोडू, हा विचार ओघानेच आला. त्या योजनेतले मोठ्यात मोठे तळे ३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोल. काठोकाठ भरले तर त्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. ऐकायला आकडा मोठा वाटतो. पण माशाचा जीव त्या पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर असतो, आणि तो फार थोडा असतो.

२० अंश तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो. पाणी ३० अंशांवर गेले की साडेसात मिलिग्रॅम. ३५ अंशांना सातही नाही. बीडची उंची समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या घरात आहे, म्हणून त्यातही थोडी घट. रोहू-कटल्याला धड वाढायचे तर ५ मिलिग्रॅम हवा. तीनच्या खाली तो कासावीस होतो आणि एकच्या आसपास मरतो. म्हणजे उन्हाळ्यात मुळातच हातात शिल्लक थोडी, आणि नेमके तेव्हाच उष्णतेने माशाचा श्वास वाढलेला.

आता घड्याळ. हिरव्या पाण्यातले शेवाळ दिवसभर उन्हात प्राणवायू तयार करते आणि सूर्य मावळला की तेच शेवाळ माशांसारखे श्वास घेऊ लागते. रात्रभर मासे, शेवाळ, तळाचा गाळ, उरलेली पेंड असे सगळे एकाच साठ्यातून उचल करतात. भर कोणीच घालत नाही. साठा सर्वांत कमी असतो तो उजाडण्याच्या थोडे आधी. म्हणून पहाटे तीन ते सहाच्या दरम्यान मासे मेले असतील तर पहिला संशय प्राणवायूवर घ्यावा. दुपारी चारला तपासले तर त्याच तळ्यात प्राणवायू भरपूर निघतो आणि शेतकरी म्हणतो, पाणी तर चांगले आहे. पाणी चांगले असते ते दुपारचे.

दुसरा आणि तिसरा प्रश्न, मेले कोण आणि जगले कोण. प्राणवायू संपतो तेव्हा मोठे मासे आधी जातात आणि त्याच तळ्यातली बोटुकली (बोटभर लांबीची पिल्ले) वाचते. जातींमध्ये सिल्व्हर कार्प आणि कटला पहिल्या फेरीत जातात. तिलापिया बराच वेळ तग धरतो. मरळ आणि मागूर तर पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेऊ शकतात, म्हणून ते शेवटपर्यंत टिकतात. मोठे कटला मेलेत आणि गाळातला मागूर ठणठणीत आहे, हे दृश्य प्रयोगशाळेच्या अहवालाइतके बोलके आहे. विषाला असा भेद सहसा कळत नाही. उलट त्यात लहान जीव आधी मरतात.

मरणाच्या आदल्या पहाटेही तळे इशारा देते. मासे पाण्याच्या वर तोंड काढून आ वासत राहतात, काठाशी गोळा होतात, माणसाची चाहूल लागली तरी खाली जात नाहीत. कित्येकांना वाटते मासे भुकेले आहेत, आणि तिथेच ते पेंड टाकतात. ही सर्वांत महागडी चूक. न खाल्लेली पेंड कुजते आणि कुजताना उरलासुरला प्राणवायू खाते.

मुंबईच्या वाळकेश्वरला बाणगंगा तलावात पितृपक्षानंतर मासे मेल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत अनेकदा आल्या. तिथे कोणी विष कालवत नाही. पिंड, पीठ, दूध, फुले श्रद्धेने पाण्यात सोडली जातात, ती कुजतात आणि जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात. शेततळ्यात तेच काम जास्तीची पेंड आणि ताजे शेण करते.

बीडच्या तळ्यांना आणखी दोन-तीन गोष्टी नडतात. पहिली बाष्पीभवन. मे महिन्यात दिवसाला सुमारे एक सेंटीमीटर पाणी उडून जाते, म्हणजे महिन्याला फूटभर. शिवाय मोसंबीला, उसाला पाणी उपसले जाते ते वेगळे. जूनमध्ये सोडलेली बोटुकली तोवर किलोची झालेली असते. पाणी निम्म्यावर, माशांचे वजन कितीतरी पट. ९०० चौरस मीटरच्या तळ्यात पाचशे ते नऊशे बोटुकली हा पेलणारा आकडा आहे. बीज स्वस्त मिळाले म्हणून तीन हजार सोडले, की मे महिन्यातल्या एखाद्या पहाटे हिशेब चुकता होतो.

दुसरी गोष्ट पाऊस. सगळे पावसाची वाट बघत असतात आणि पहिल्याच अवकाळीनंतर मासे मरतात, हे कोणाला पटत नाही. पण उन्हाळाभर वरचे पाणी गरम व हलके आणि तळाचे गार व जड असे दोन थर पडलेले असतात. तळाच्या थरात प्राणवायू नसतो, असतो तो सडका वायू. गारांचा किंवा गार पावसाचा जोरदार सडाका आला की वरचा थर थंड होऊन खाली बसतो आणि तळाचे पाणी वर येते. सडक्या अंड्याचा वास सुटतो, पाणी एकाएकी काळपट दिसते. गाळाच्या तळ्यात ऐन उन्हाळ्यात जाळे ओढले तरी हेच घडते. सलग दोन-तीन दिवस आभाळ आणि वारा पडलेला, हाही धोक्याचा काळ. शेवाळाला ऊन मिळत नाही आणि दिवसाही भर पडत नाही.

अशा पहाटे काय करावे? जे करायचे ते त्याच तासात. मोटार किंवा डिझेल इंजिन लावून तळ्याचेच पाणी वरच्या दोन फुटांतून उचलावे आणि तुषार संचाच्या नोझलमधून किंवा बोटाने चपटे केलेल्या पाइपच्या तोंडातून उंचावरून परत तळ्यात पाडावे. थेंब जितका बारीक तितकी हवा जास्त मिसळते. फूटव्हॉल्व तळाला टेकवू नये, गाळ ढवळला तर उलटेच होईल. मासे त्या फवाऱ्याखाली गोळा होतील, होऊ द्यावेत. जाळे टाकू नये, खत नको, शेण नको आणि पुढचे दोन दिवस पेंड पूर्ण बंद. बोअरचे पाणी सोडायचे असेल तर ते दगडांवरून किंवा भोकाच्या पत्र्यावरून खळाळत पडले पाहिजे, कारण खोल बोअरच्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. आणि एक गोष्ट आधीच ध्यानात घेतलेली बरी: सौर पंप पहाटे चारला चालत नाही. ज्यांच्याकडे फक्त तोच आहे त्यांनी उन्हाळ्याच्या चार महिन्यांसाठी भाड्याचे का होईना, इंजिन ठरवून ठेवावे.

दुपारी मासे मरू लागले तर मात्र तपास वेगळ्या दिशेने न्यावा लागतो. इथे गुन्हेगार बहुधा अमोनिया असतो. तीस टक्के प्रथिने असलेले एक किलो खाद्य माशांनी खाल्ले की पाण्यात सुमारे २५ ते ३० ग्रॅम अमोनियायुक्त नत्र उतरते. मातीच्या तळ्यात ते पचवणारे जिवाणू चिखलात भरपूर असतात. कागद अंथरलेल्या तळ्यात चिखल नाही, म्हणून ते साचत राहते. पण सगळाच अमोनिया विषारी नसतो. पाण्याचा सामू (पीएच) ७ असेल तर ३० अंशांना त्यातला जेमतेम एक टक्का विषारी रूपात असतो, सामू ८ झाला की सात-साडेसात टक्के आणि ९ झाला की पंचेचाळीस टक्क्यांच्या जवळपास. हिरव्यागार पाण्याचा सामू दुपारी चढतो, कारण शेवाळ पाण्यातला कर्बवायू ओढून घेते. सकाळी निरुपद्रवी असलेला अमोनिया दुपारी तीनला मारक होतो तो असा. विषारी अमोनिया लिटरला ०.०५ मिलिग्रॅमच्या वर गेला की माशाचे कल्ले होरपळू लागतात.

मासे मेले की चुना मारा, हा सल्ला गावोगाव ऐकू येतो. आम्लधर्मी पाण्यात आणि तळे रिकामे असताना चुना उत्तमच. पण चुन्याने सामू वाढतो. अमोनिया साचलेल्या हिरव्या तळ्यात चुना टाकणे म्हणजे निरुपद्रवी अमोनियाचे आपल्या हाताने विष करणे. सामू मोजल्याशिवाय चुन्याच्या पोत्याला हात लावू नये. थेंबांनी सामू आणि अमोनिया दाखवणारे छोटे संच बाजारात मिळतात. एका मेलेल्या कटल्याच्या किमतीपुढे तो खर्च काहीच नाही. अमोनिया निघाला तर खाद्य बंद करावे आणि तळाचे पाणी पिकाला सोडून तेवढे नवे घ्यावे. माशाला नकोसे झालेले ते पाणी ज्वारीला, भाजीपाल्याला खतच आहे.

आता एक मासा हातात घेऊन बघावा. नुकताच मेलेला हवा, शक्यतो अजून तडफडणारा. अंगठ्याने कल्ल्याचे झाकण उचलावे. आत कंगव्यासारखे लालभडक दाते दिसले तर रक्तात सहसा दोष नाही. तेच तपकिरी, चॉकलेटसारखे दिसले तर पाण्यात नायट्राइट वाढलेले असते; ते रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकदच काढून घेते. अशा वेळी पाणी हवेने भरलेले असूनही मासा गुदमरतो. कल्ल्यांवर शेंबडासारखा चिकट थर असेल तर परजीवी किंवा होरपळ. फिकट पांढरे असतील तर तो मासा मरून बराच वेळ झाला. त्यावरून काही ठरवू नये, दुसरा घ्यावा.

विषाची ओळखही डोळ्यांनी बरीचशी पटते. कपाशी-सोयाबीनवर फवारली जाणारी सायपरमेथ्रीन, लॅम्डा सायहॅलोथ्रीन यांसारखी औषधे माणसाला तुलनेने सौम्य, पण माशांना आणि पाण्यातल्या किड्यांना अतिशय जहाल. मासे गिरक्या घेतात, झटके देतात, काठावर आपटतात. लहान-मोठे सगळे मरतात, वेळ कोणतीही असते. आणि पाण्यावर धावणारे किडे, पाणभुंगे, झिंगे आधीच नाहीसे झालेले असतात. किडे मजेत फिरत आहेत आणि मासे मेलेत, तर या गटातल्या औषधाचा संशय सोडून द्यावा. शेजाऱ्याशी भांडायला निघण्याआधी एवढे बघायला एक मिनिट लागते. विष निघालेच तरी ते कोणी मुद्दाम घातलेले असेल असे नाही. फवारणीचा पंप तळ्यात बुडवून भरणे, तिथेच धुणे, रिकामी बाटली बांधावर फेकणे, वरच्या रानातून पहिल्या पावसाचे पाणी तळ्यात उतरणे, एवढे पुरते.

नदीवर आणि मोठ्या तलावावर कारखान्याचे सांडपाणी हे आणखी एक कारण. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेच्या पात्रात माशांचा खच पडला तेव्हा कारखान्यांच्या सांडपाण्याकडे बोट दाखवले गेले आणि प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत पोहोचले. मळीच्या पाण्यात विषापेक्षा साखरेचे उरलेसुरले अंश घातक असतात. ते कुजताना मैलोन्‌मैल प्राणवायू फस्त होतो. म्हणजे तिथेही मासे मरतात ते गुदमरूनच. बीडही उसाचा आणि साखर कारखान्यांचा जिल्हा आहे, त्यामुळे नदीकाठच्या मच्छीमारांनी गाळप हंगामात पाण्याचा रंग आणि वास यांवर डोळा ठेवणे गरजेचे आहे.

आणि मासे एका रात्रीत न मरता रोज दोन, मग पाच, मग दहा असे मरत असतील, तर तो आजार. लाल चट्टे व जखमा, कुजलेली शेपटी, फुगलेले पोट, खवल्यांना चिकटलेल्या उवा अशी खूण अंगावर सापडते. औषधांची जागा इथे आहे, तीही निदान झाल्यावर.

तळ्याचे हेच नियम घरातल्या टाकीलाही लागू पडतात. तालुक्याच्या गावांत घरोघरी काचेच्या टाक्या आल्या आहेत, आणि हौशी माणसे आता खाऱ्या पाण्याचे रंगीत मासेही पाळू लागली आहेत. १९५१ साली मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय उभे राहिले ते मरीन ड्राइव्हला, समुद्र हाकेच्या अंतरावर ठेवून. बीडच्या दिवाणखान्यात तो समुद्र पाकिटातल्या मिठातून करावा लागतो, लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या मापाने. ६० लिटरच्या टाकीतून मे महिन्याच्या कोरड्या हवेत सहा लिटर पाणी उडायला फार दिवस लागत नाहीत. पाणी उडते, मीठ मागे राहते आणि ३५ चे ३९ होते. भर घालायची ती गोड्या, शुद्ध पाण्याची. मिठाचे पाणी घालून पातळी राखणारे लोक मासे का मेले म्हणून दुकानदाराला विचारत राहतात. खाऱ्या पाण्यात प्राणवायू गोड्यापेक्षा जवळपास पाचव्या हिश्श्याने कमी मावतो. म्हणून वीज गेली की इथले मासे आधी गुदमरतात. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप ही त्यांची पहिली गरज आहे.

टाकीत अमोनिया पचवणारे जिवाणू वसायला चार ते सहा आठवडे लागतात. टाकी आज आणली आणि मासे उद्या सोडले, तर आठवड्याभरात ते मरतात. फिल्टर नळाखाली धुतला तर नळातल्या क्लोरीनने तेच जिवाणू मरतात. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळून घ्यावा. आणि एक कारण कोणाच्या ध्यानीमनी नसते. डासांवर मारायच्या घरगुती फवाऱ्यांत बहुधा कपाशीवरच्या त्या औषधांच्याच कुळातले द्रव्य असते. खोलीत फवारा मारला की हवेचा पंप ते ओढून टाकीत सोडतो. फवारणीच्या वेळी टाकी झाकावी, पंप तेवढ्यापुरता बंद करावा आणि खोली मोकळी झाल्यावरच चालू करावा.

पुन्हा तळ्याकडे. मरणाचे कारण डोळ्यांनी ठरले नाही तर नमुना द्यावा लागतो, आणि तो धड घेतला नाही तर खेप वाया जाते. विरघळलेला प्राणवायू बाटलीत भरून नेता येत नाही, तो तळ्यावरच मोजावा. १८८८ साली हंगेरीच्या विंकलर या रसायनशास्त्रज्ञाने शोधलेली पद्धत आजही चालते आणि तिचे संच मिळतात. बाकीच्या तपासणीसाठी पाण्याची बाटली पाण्याखाली धरून काठोकाठ भरावी, आत बुडबुडा नको, बूच पाण्यातच लावावे. एक वरच्या पाण्याची, एक तळाची. कीटकनाशकाचा संशय असेल तर काचेची बाटली, कारण काही औषधे प्लास्टिकला चिकटून बसतात. मासे दोन-तीन, मरायला टेकलेले, प्लास्टिकच्या पिशवीत घालून बर्फावर. पण गोठवू नयेत. बीडकरांना जवळचे ठिकाण म्हणजे लातूर जिल्ह्यातले उदगीरचे मत्स्य विज्ञान महाविद्यालय. जिल्ह्याच्या सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय कार्यालयात त्याच दिवशी कळवावे, आणि नुकसान मोठे असेल तर मासे उचलण्याआधी पंचनामा करून घ्यावा. कारण ठरेपर्यंत ते मासे बाजारात नेऊ नयेत, घरीही शिजवू नयेत. तळ्यापासून, विहिरीपासून दूर खड्डा करून चुना टाकून पुरावेत.

ज्यांचे तळे अजून भरलेले आहे त्यांनी एवढे करावे. दिवसा हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवून तळवा बघावा. तो दिसतच नसेल तर पाणी फार हिरवे झाले आहे, आजपासून पेंड निम्मी करावी. आणि आभाळ भरून आले, वारा पडला, की त्या रात्री चारचा गजर लावून बॅटरी घेऊन बांधावर जावे. मासे वर तोंड काढून आ वासत असतील, तर इंजिन लगेच चालू करायला अजून वेळ हातात असतो.